युनियनची निवडणूक आणि फळ्याची किल्ली: प्रचाराच्या पोस्टरवरचे वाद कसे मिटवायचे

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी पहिल्यांदा युनियनचा निवडणूक अधिकारी म्हणून बसलो, तेव्हा मतपेटी, मतपत्रिका, शाई, लाख, सगळी जय्यत तयारी केली होती. पहिली तक्रार आली ती टाचण्यांची. "आमच्या पत्रकाच्या चारही टाचण्या काढून त्यांनी त्यांचं पत्रक लावलंय. आमचं खाली पडलंय." मी हसलो आणि "लावा परत" म्हणून सोडून दिलं. दुपारी तीनला पाळी बदलताना गेटवर कॉलर धरण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

त्यानंतर चार-पाच निवडणुका हाताखालून गेल्या. एकदा मार्केट यार्डात हमालांच्या निवडणुकीलाही मदतीला बसलो. मतमोजणीवर भांडण क्वचितच होतं, कारण तिथं सगळ्यांचे डोळे असतात. भांडण होतं ते पत्रक, पोस्टर, फळा आणि आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांवरून. तुम्ही पहिल्यांदाच निवडणूक अधिकारी झाला असाल, किंवा एखाद्या पॅनेलचे प्रतिनिधी म्हणून तुमच्यावर हे काम आलं असेल, तर पुढचं वाचा.

आधी घटना, मग बाकी सगळं

नेमणुकीचं पत्र हातात पडलं की सरचिटणिसाकडून संघटनेच्या नोंदणीकृत घटनेची प्रत मागा. झेरॉक्स चालेल, पण शेवटच्या दुरुस्तीसह पाहिजे. पदाधिकारी कसे निवडायचे आणि कसे काढायचे, हे घटनेत लिहिलेलं असणं १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून बंधनकारक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. तुमचे अधिकार किती, ते याच घटनेवरून आणि तुमची नेमणूक करणाऱ्या ठरावावरून ठरतं.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण नवा माणूस उत्साहाच्या भरात "पोस्टर फाडलं तर उमेदवारी रद्द" अशी नोटीस काढून मोकळा होतो. घटनेत ती शिक्षा नसेल तर तुम्हाला ती देता येत नाही. दिलीत तर हरलेला उमेदवार पोस्टर बाजूला ठेवून तुमच्यावरच अर्ज करेल.

प्रचाराबद्दल घटनेत बहुधा एक ओळसुद्धा सापडणार नाही. मग कार्यकारिणीकडून किंवा सर्वसाधारण सभेकडून एवढाच ठराव करून घ्या: "प्रचार साहित्याबाबत नियम करण्याचे व तक्रारींवर निर्णय देण्याचे अधिकार निवडणूक अधिकाऱ्यास राहतील." उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी हा ठराव हातात पाहिजे. अर्ज भरून झाले की प्रत्येक ओळीत कुणाला ना कुणाला डाव दिसतो.

कारखाना पायी फिरा

दुसरं काम टेबलावर होत नाही. दोन्ही-तिन्ही पॅनेलचा एकेक माणूस बरोबर घ्या आणि गेटपासून कॅन्टीनपर्यंत चालत जा. कुठं कुठं कागद लागतो ते वहीत लिहा आणि प्रत्येक जागेपुढं मालक कोण ते लिहा.

कंपनीचा नोटीस बोर्ड कंपनीचा. तिथं पगाराची तारीख आणि सुट्ट्यांची यादी लागते, प्रचार नाही. कॅन्टीनची भिंत, सायकल स्टँडचे खांब, टाइम ऑफिसची काच हेही कंपनीचंच. अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांसाठीच्या लेखी सेवानियमांत, आवारात परवानगीशिवाय पत्रकं वाटणं-चिकटवणं गैरवर्तनाच्या यादीत असतं. आपले स्थायी आदेश काढून बघा, नाहीतर प्रचारात पोरगा चार्जशीट घेऊन येईल. गेटबाहेरचे विजेचे खांब, दिशादर्शक पाट्या, कंपाउंडच्या भिंती यांना हात लावू नका. तिथं महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ आडवा येतो. फ्लेक्स लावायचा असेल तर ज्याची हद्द त्याची परवानगी: सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची किंवा एमआयडीसीची.

आता मुख्य जागा, युनियनचा फळा. मान्यताप्राप्त संघटनेला कारखान्याच्या आवारात स्वतःचा फळा लावून त्यावर सूचना लावायचा हक्क आहे. कामगार ज्याला नुसतं 'पल्प' म्हणतात त्या १९७१ च्या राज्य कायद्याच्या (संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांबद्दलचा कायदा) कलम २० मध्ये तो दिलेला आहे. साखर कारखान्यांना लागू असलेल्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमातही असाच हक्क आहे. हा फळा बहुतेक ठिकाणी काचेच्या दाराचा असतो. त्याला कुलूप असतं आणि किल्ली सत्ताधारी सरचिटणिसाच्या खिशात असते.

फळा संघटनेचा आहे, म्हणजे विरोधी पॅनेलच्या सभासदाचाही. पण किल्ली ज्याच्याकडे त्याचं पत्रक काचेच्या आत, आणि बाकीच्यांचं बाहेर वाऱ्यावर. टाचण्यांचं भांडणसुद्धा मुळात किल्लीचंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून कार्यक्रम जाहीर झाला त्याच दिवशी किल्ली ताब्यात घ्या. लेखी पोच द्या: "फळ्याची किल्ली नग १, अमुक तारखेस मिळाली, निकालानंतर परत केली जाईल." सरचिटणीस म्हणेल, "साहेब, माझ्यावर विश्वास नाय का?" त्याला सांगा, विश्वास आहे, म्हणून तर सगळ्यांच्या देखत घेतोय. दुसरी किल्ली आहे का, हेही विचारा. असतेच.

एक पानाची आचारसंहिता

विधानसभेची आचारसंहिता इथं लागू होत नाही. आपली आपणच लिहायची. एका पानात बसवा, नाहीतर कुणी वाचत नाही. अर्ज माघारीच्या दिवशी सगळ्या उमेदवारांच्या सह्या घ्या.

पहिला मुद्दा जागेच्या वाटणीचा. फळ्याचे खडूनं चौकोन पाडा आणि चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठला ते ठरवा. अपक्षांना विसरू नका. पॅनेलवाले आपसात जमवून घेतात आणि एकटा उभा राहिलेला माणूस मोजणीनंतर "मला जागाच दिली नाही" म्हणतो, आणि ते खरं असतं. पत्रकाचा आकारही ठरवा. ए-फोर पुरे. आकार मोकळा सोडलात तर कुणीतरी पलंगाच्या चादरीएवढं पोस्टर आणून तीन चौकोन झाकतो.

पत्रक कुणी लावायचं? प्रत्येक बाजूचा एकच नेमलेला प्रतिनिधी, पाळी बदलायच्या वेळी, तुमच्या माणसासमोर. आमच्याकडे सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराला पाळी बदलते. आम्ही दुपारी अडीच ते तीन एवढीच वेळ ठेवली होती. तेव्हा पहिली पाळी निघायच्या तयारीत असते, दुसरी आत येत असते आणि सगळं उजेडात होतं.

पत्रकाखाली छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव घाला. विधानसभा-लोकसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क प्रमाणे ते लागतंच. आपल्याला तो कायदा लागू नाही, पण नियम उचलण्यासारखा आहे. निनावी पत्रक हे निवडणुकीतलं सगळ्यात घाण हत्यार. रात्रपाळीत लॉकरच्या फटीतून सरकवलेल्या अर्ध्या कागदानं माणूस आयुष्यभराचे संबंध घालवतो.

मजकुराबाबत माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. पत्रक लावण्याआधी मजकूर मंजूर करायच्या भानगडीत पडू नका. एकदा शिक्का मारलात की त्यातल्या प्रत्येक वाक्याचे तुम्ही धनी. "बोनसचा करार कुणी विकला?" हा आरोप खरा की खोटा हे तुम्ही कुठल्या वहीत बघणार? कामगारांनीच ठरवायचं ते. एक प्रत दप्तरी घ्या, त्यावर "मिळाले" एवढंच लिहा. मजकुरावरून पत्रक उतरवायचं ते चारच कारणांनी: जात-धर्मावरून डिवचणं, कुणाच्या घरच्या बाईमाणसांवर घसरणं, दुसऱ्याचं नाव किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय वापरणं, आणि संघटनेचं लेटरहेड किंवा शिक्का वापरून पत्रक अधिकृत भासवणं. बाकी टीका झोंबली तर समोरच्यानं त्याच आकाराच्या कागदावर, स्वतःच्या चौकोनात उत्तर द्यावं. कुणाला बदनामीचा खटलाच भरायचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. ते काम तुमचं नाही.

आणि जुनी वहिवाट मोडू नका. अमेरिकेत टीमस्टर्स ही ट्रकचालकांची मोठी युनियन आहे. तिथं गुंडांचा शिरकाव झाल्यावर १९८९ मध्ये न्यायालयीन समझोता झाला आणि निवडणुका बाहेरच्या देखरेखीखाली घेणं सुरू झालं. त्यांच्या नियमात एक शहाणपणाची गोष्ट आहे: ज्या फळ्यावर आधीपासून सभासद कागद लावत आले आहेत, तो प्रचारापुरता अचानक बंद करता येत नाही. आणि तक्रार करायची मुदत कामकाजाचे दोन दिवस. आपल्याकडेही प्रश्न तोच विचारायचा: गेल्या निवडणुकीत इथं कागद लागत होते का? लागत असतील तर या वेळी का नाही?

तक्रार आली: पहिला तास

तोंडी तक्रार ऐकून घ्या, पण कागद द्या आणि लिहून मागा. चार ओळी पुरतात:

"दि. … रोजी सकाळी … वाजता कॅन्टीनशेजारील फळ्यावरील आमच्या चौकोनातील पत्रक काढलेले आढळले. आदल्या दिवशी … वाजता ते लावलेले … यांनी पाहिले होते. फोटो जोडला आहे. ते पुन्हा लावू द्यावे ही विनंती."

कधी पाहिलं, शेवटचं जागेवर कधी होतं, काय मागणी आहे, या तीन गोष्टी नसतील तर लिहून घ्या. "विरोधकांनी दहशत माजवली आहे" हे वाक्य असलं तरी हरकत नाही, प्रत्येक तक्रारीत असतंच. आवक क्रमांक टाका, वेळ लिहा, पोच द्या. तक्रारीची मुदत आम्ही चोवीस तास ठेवली होती आणि उत्तराला समोरच्याला बारा तास. निवडणूक दहा दिवसांची असते. आठव्या दिवशीच्या तक्रारीचा निकाल बाराव्या दिवशी देऊन कुणाला काय मिळणार?

मग जागेवर जा. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस घ्या, तिसरा नको. लांबून एक फोटो, ज्यात फळा कुठं आहे ते कळेल, आणि जवळून एक. फाटका तुकडा खाली असेल तर पाकिटात घालून त्यावर सह्या. कुणीतरी दुसऱ्याच्या पत्रकावर स्वतःचं डकवलं असेल तर वरचं ओरबाडू नका. खळ ओली असली तर काम ताजं आहे, ही माहितीच आहे. आधी फोटो, मग काढा.

आता एक प्रसंग सांगतो. मतदानाला तीन दिवस होते. सकाळी सव्वासातला गेटवर चाळीसेक माणसं जमलेली. कपबशी चिन्हाच्या पॅनेलची कॅन्टीनच्या बेसिनजवळच्या भिंतीवरची तिन्ही पोस्टरं गायब. समोरच्या फळ्यावरचं छत्रीचं पत्रक मात्र जसंच्या तसं. "रात्रपाळीला सगळी त्यांचीच माणसं हुती" एवढा पुरावा लोकांना पुरेसा होता. एकजण तर छत्रीचं पत्रक काढायला हात उचलून उभा. त्याला म्हटलं, "दादा, अर्धा तास द्या. नाही सापडलं तर तुमच्याबरोबर मीही बोंबलतो."

मी छत्रीवाल्यांकडे न जाता झाडलोट करणाऱ्या ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. तो पोरगा घाबरून म्हणाला, "साहेब, आज कस्टमरचं ऑडिट हाय. भिंतीवर काय दिसलं नाय पायजे म्हणून ऑफिसातनं सांगितलं. फळ्यावरचं ऱ्हाऊ दे म्हणाले, म्हणून तेवढं ऱ्हायलं." केरसुण्यांच्या कपाटात तिन्ही पोस्टरं होती. गुंडाळून, रबर लावून. फाडलेली नव्हती, कोपरेसुद्धा नीट सोडवले होते.

ऑडिट दुपारी संपलं, अडीचला तिन्ही पोस्टरं परत लागली. तेव्हापासून मी पहिला प्रश्न "कुणी काढलं?" असा विचारत नाही. "कुणाच्या सांगण्यावरून काढलं?" असा विचारतो. आणि व्यवस्थापनाला पहिल्याच दिवशी पत्र देतो: निवडणूक संपेपर्यंत प्रचाराचा कुठलाही कागद हलवायचा असेल तर आधी निवडणूक अधिकाऱ्याला लेखी कळवावे.

निर्णय कसा लिहायचा

दोन्ही बाजूंना एकत्र बसवा, चहा मागवा, दाराशी जमलेल्यांना कामावर पाठवा. अर्ध्या तासाच्या वर चालवू नका. निर्णयात एवढंच पाहिजे: तक्रार काय, नियम कुठला, जागेवर काय दिसलं, समोरचा काय म्हणाला, तुम्हाला काय पटलं आणि आता काय करायचं, किती वाजेपर्यंत. कुणी केलं हे ठरत नसेल तर तसंच लिहा. "हे कृत्य कोणी केले हे उपलब्ध पुराव्यावरून निश्चित होत नाही, तथापि पत्रक नव्हते ही गोष्ट खरी असल्याने ते आज दुपारी तीनपर्यंत मूळ जागी लावण्यात यावे." गुन्हेगार सापडला नाही तरी नुकसान भरून देता येतं. नवे अधिकारी इथंच अडकतात. चोर शोधण्यात दोन दिवस घालवतात आणि चौकोन रिकामाच राहतो.

उपाय नुकसानाएवढा. पत्रक एक दिवस गेलं तर परत लावा. चार दिवस दाबून ठेवलं असेल तर उरलेल्या दिवसांत मधल्या ठळक जागेवर एक जादा कागद द्या. संघटनेचा शिक्का वापरून खोटं पत्रक काढलं असेल तर त्याच फळ्यावर, त्याच आकारात, तुमच्या सहीनं खुलासा लावा आणि तिन्ही पाळ्यांना वाचायला मिळेल इतका वेळ ठेवा. पुन्हा पुन्हा करणाऱ्याला लेखी समज द्या आणि ती फळ्यावर लावा. माझा अनुभव असा की दंडापेक्षा माणूस याला जास्त घाबरतो, कारण पोरांची सोयरीक करायची असते याच गावात.

मतदानच पुन्हा घ्या अशी मागणी एका पोस्टरवरून येते. तेव्हा फरक बघा. माणूस दोनशे मतांनी पडला असेल आणि तक्रार एका फळ्यावरच्या एका दिवसाची असेल, तर निकाल हलत नाही. तीन मतांनी पडला असेल आणि आदल्या रात्री "अमुक उमेदवारानं माघार घेतली" असं खोटं पत्रक फिरलं असेल, तर गोष्ट गंभीर आहे. अशा वेळी पेट्या आणि मतपत्रिका सीलबंद ठेवा आणि घटनेत फेरमतदानाचा अधिकार कुणाला आहे ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपचा फळा

संघटनेचा अधिकृत ग्रुप हाही फळाच आहे, आणि 'अ‍ॅडमिन' म्हणजे त्याची किल्ली. सरचिटणिसानं "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" हे बटण लावून स्वतःच्या पॅनेलची पत्रकं टाकली, तर ते काचेच्या आतल्या पत्रकासारखंच झालं. दोनच मार्ग न्याय्य आहेत. एकतर ग्रुप निवडणुकीपुरता फक्त तुमच्या सूचनांसाठी ठेवा, किंवा प्रत्येक उमेदवाराचं एक पत्रक ठरलेल्या वेळी तुम्हीच टाका. मी पहिला मार्ग घेतो. सभासदांच्या खासगी ग्रुपवर तुमचं राज्य चालत नाही, तिकडं लक्षही देऊ नका.

फोनवरचा पुरावा घेताना नुसता स्क्रीनशॉट पुढं पाठवायला सांगू नका. मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन बघा, नंबर आणि वेळ नोंदवा, आणि त्या माणसाला सांगा की मेसेज पुसू नकोस. प्रकरण पुढं कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असला तर काम सोपं होतं.

कंपनीनं एकाची बाजू घेतली तर

एका पॅनेलला कॅन्टीनमध्ये पत्रकं वाटू दिली आणि दुसऱ्याला सिक्युरिटीनं अडवलं, असं झालं तर ते तुमच्या कक्षेच्या बाहेर जातं. आधी एचआरला लेखी विचारा. निम्म्या वेळा ते गेटवरच्या गार्डाचं अज्ञान असतं. जाणूनबुजून असेल तर मालकानं युनियनच्या कारभारात ढवळाढवळ करणं ही 'पल्प' कायद्याच्या अनुसूची दोनमधली अनुचित प्रथा आहे. औद्योगिक न्यायालयात त्याची तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते. ती संघटनेनं किंवा कामगारानं करायची. तुम्ही फक्त तुमची आवक वही उघडी ठेवा.

मारहाण, धमकी, घरावर जाणं, असं काही झालं तर समेट घडवत बसू नका. त्याच दिवशी पोलीस ठाणं.

तुमचा निर्णय मान्य नसेल तर

घटनेत अपिलाची सोय असेल तर आधी तिथं. त्यानंतर औद्योगिक संबंध संहितेच्या कलम २२ प्रमाणे पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीबाबत सभासद आणि संघटना यांच्यात वाद असेल तर अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा, संघटनेचं नोंदणीकृत कार्यालय ज्याच्या हद्दीत येतं त्या. दिवाणी कोर्टात दावा चालत नाही. आधीच्या व्यवस्थेत महाराष्ट्रात १९२६ च्या कायद्याला जोडलेलं कलम २८-१अ होतं: सहा महिने सभासद असलेला माणूस निबंधकाच्या (संघटनांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी) संमतीनं औद्योगिक न्यायालयात जाई. जुने कार्यकर्ते अजून तेच सांगतील, म्हणून फरक माहीत असू द्या. अर्जाचा नमुना आणि तो कुठं द्यायचा, हे सांगलीत सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

तिथं तुमच्याकडून मागतील ते कागद असे: घटना, अधिकार देणारा ठराव, सह्या केलेली आचारसंहिता, आवक वही, फोटो, निर्णय आणि प्रत्येक निर्णयाची पोच. एका फायलीत, पानांना नंबर घालून ठेवा.

निकाल लागला, गुलाल उधळला, भडंग-चहा झाला, की फळा मोकळा करायचा. दोन्ही बाजूंचे कागद दोन्ही बाजूंच्या माणसांकडूनच काढून घ्या. भिंतीवरची खळ ओल्या फडक्यानं त्याच दिवशी निघते, चार दिवसांनी पत्र्यानं खरवडावी लागते. पत्रकांची एकेक प्रत फायलीत, फाईल संघटनेच्या कपाटात. मग नव्या सरचिटणिसाला फळ्याची किल्ली द्या आणि पोच घ्या. दुसरी किल्लीही आठवणीनं मागून घ्या आणि तीही त्याच पोचेवर लिहा.